पंचवीस मिनिटांचा संसार

"अगो, डोळे का सुजलेत तुझे? कुणी गेलं का काय?"

गडग्यापलीकडून माईंनी विचारलं. तुळशीला पाणी घालून झालं होतं, तांब्या रिकामा होता. म्हणजे आता त्या निवांत होत्या.

"कुणी नाही हो. म्हणजे गेलेत तसे. एक अख्खा ग्रह गेलाय. पण त्याला झाली हजार वर्षं."

"म्हणजे रात्री परत त्या टकल्याचं बघत बसलीस."

आमच्या आळीत कॅप्टन पिकार्डची ओळख ही अशी आहे. माईंना त्याचं नाव ठाऊक आहे, पण त्या ते घेत नाहीत. त्यांचा मूळ आक्षेप असा, की चोविसाव्या शतकात माणूस या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर जातो आणि टकलावर औषध तेवढं निघत नाही, हे कसं? मी त्यांना एकदा सांगून पाहिलं, की हाच प्रश्न मालिका सुरू होताना एका पत्रकाराने विचारला होता, आणि निर्माते जीन रॉडनबेरी म्हणाले होते की त्या शतकात कुणाला टकलाचं काही वाटणारच नाही. "बरा सुटला," माई म्हणाल्या, आणि आक्षेप होता तसाच ठेवला.

त्या भक्त नाहीत. मी आहे. दूरदर्शनवर जुनी 'स्टार ट्रेक' लागायची, कर्क आणि स्पॉकची, तेव्हापासूनची. पुढे पिकार्ड आला, 'द नेक्स्ट जनरेशन' आली, आणि आमच्या घरात दोन तट पडले. कर्कवाले मारामारीला भुलले, मी पिकार्डच्या आवाजाला. असो.

"बरं, सांग काय झालं ते. पण थोडक्यात हो. गॅसवर कुळीथ आहेत."

"भागाचं नाव 'द इनर लाइट'. जून १९९२ चा. यान आपलं चाललेलं असतं. समोर एक जुनाट यंत्र तरंगताना दिसतं. त्यातून झोत येतो आणि आपला कॅप्टन सगळ्यांच्या देखत धाडकन खाली पडतो. डोळे उघडतो तो कुठल्याशा गावात, एका घरात. उशाशी एक बाई बसलेली. म्हणते, ताप उतरला एकदाचा. मी तुझी बायको, एलीन. तुझं नाव केमिन. तू लोखंड विणतोस."

"लोखंड विणतात?"

"त्यांच्याकडे विणतात."

"बरं. बायको कशी आहे?"

बघा, इथे माझी आणि माईंची जात वेगळी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं सगळं लक्ष यानाकडे होतं, सुटका कधी होणार याकडे. माईंनी बायको धरली. आणि खरं सांगायचं तर या भागाचं मर्म तिथेच आहे.

"चांगली आहे. सोसणारी आहे. हा उठल्या उठल्या म्हणतो मी कॅप्टन, माझं यान कुठंय, हा ग्रह कुठला. ती म्हणते हा कटान ग्रह, हे रेसिक गाव, तू फार आजारी होतास, येईल हळूहळू आठवण. मग पाच वर्षं जातात."

"पाच?"

"हो, एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात. आणि पाच वर्षांनंतरही हा रात्री आकाशाकडेच बघतोय. नकाशे काढतोय, यान शोधतोय. शेवटी ती म्हणते, किती दिवस त्या दुसऱ्या आयुष्याची आठवण काढशील? समोर आहे ते आयुष्य नाही का? भांडत नाही, तोडून बोलत नाही. पण थकलेली आहे."

"थकणारच. पाच वर्षं घरात राहून नवरा दुसऱ्या घराचं नाव घेतोय."

"मग त्या रात्री तो येतो तिच्याकडे. म्हणतो, तुझी परवानगी असेल तर काहीतरी बांधायचं म्हणतोय. तिला वाटतं, झालं, आता आणखी एखादं यंत्र. तो म्हणतो, बाळासाठी खोली."

माईंनी तांब्या गडग्यावर ठेवला. चिरा ओबडधोबड आहे तिथला, तांब्या कलतो. त्यांनी तो हाताने धरून ठेवला आणि काही बोलल्या नाहीत.

मी सांगत गेले. मुलगी होते, मेरिबोर. मग मुलगा. जिवाभावाचा मित्र बटाई वारतो, म्हणून मुलाचं नाव तेच. हा एक बासरी शिकायला लागतो, छोटी, धातूची, सुरुवातीला अगदी भीषण वाजवतो आणि घरचे सहन करतात. आणि चपला, म्हणजे बूट. हा घरात आला की बूट कुठेही टाकतो आणि ती रागावते. वर्षानुवर्षं तेच. पुढे म्हातारपणी ती जायच्या वेळी त्याला जवळ बोलावते आणि त्यातही आठवण करते, बूट जागेवर ठेव.

"बरोबर केलं," माई म्हणाल्या. "आमचे नाना बघ. पन्नास वर्षं सांगत्ये."

"मला ऐकू येतंय," पडवीतून नाना म्हणाले. पेपरच्या मागून.

"येऊ दे की."

मी माईंना एक चटकदार बातमी दिली, कारण अशा बातम्यांवर गडगा टिकतो. त्या मालिकेत जो मोठा झालेला मुलगा दाखवलाय ना, तो डॅनियल स्टुअर्ट, पिकार्डचं काम करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टचा खरा मुलगा. बासरी घेऊन बापासमोर उभा राहतो आणि सांगतो, मला आता संगीतच करायचंय.

"खरा मुलगा? मग अभिनय कसला त्यात!"

"बाप तर मालिकेत लोखंड विणणारा झालाय आणि मुलगा म्हणतो गाणं करणार. थोडा तरी अभिनय लागणारच."

"आणि यानावर? तिथे काय चाललंय इकडे संसार चालू असताना?"

हा प्रश्न विचारल्याबद्दल मला माईंचं कौतुक वाटलं, कारण इथेच लेखकांनी हुशारी केली आहे. यानावर हा जमिनीवर पडलेला, डॉक्टर क्रशर नाडी बघताहेत, रायकर चिडलेला, डेटा नावाचा यंत्रमानव शांतपणे आकडे सांगतोय. त्यांना एवढंच दिसतंय, की एक परकं यंत्र आपल्या कॅप्टनच्या मेंदूत घुसलंय. मग ते झोत तोडायला जातात. इकडे बारशाचा सोहळा चाललेला, हा बासरी वाजवतोय, आणि वाजवता वाजवता कोसळतो. सोडवणारेच त्याला मारायला निघालेले असतात. घाबरून झोत परत जोडतात, तेव्हा याला इकडे श्वास येतो.

"अगो बाई. म्हणजे ऐन बारशात."

"ऐन बारशात."

"मी म्हणत्ये, त्यांना काय ठाऊक बिचाऱ्यांना." माई क्षणभर यानाच्या बाजूने झाल्या. फार वेळ राहिल्या नाहीत.

दुष्काळाचा भाग मी भरभर सांगितला, कारण तो पडद्यावरही फार थांबत नाही. पाऊस कमी होत जातो. गावाच्या मध्यभागी एक रोप लावलेलं असतं, माणसांना प्यायला पाणी नाही तेव्हाही त्या रोपाला घालतात. हा हवेतून पाणी गोळा करायची यंत्रं बांधा म्हणून सांगतो, अधिकारी आधी ऐकत नाही, नंतर ऐकतो. पुढे मुलगी मोठी होते, बापासारखीच माती तपासते, आणि दोघांना कळतं की दुष्काळ संपणारा नाहीच. त्यांचा सूर्यच फुटणार आहे. हा अधिकाऱ्याकडे जाऊन बोलतो तर तो हळू आवाजात म्हणतो, आम्हाला दोन वर्षांपासून ठाऊक आहे.

"आणि गप्प बसले?"

"लोक हवालदिल होतील म्हणून. ग्रहावरून माणसं उचलून न्यायची विद्या त्यांच्याकडे नाही. जेमतेम एक छोटा अग्निबाण सोडता येतो."

"मग सोडून काय करतात?"

"तेच तर शेवटी आहे."

शेवट मी हातवारे करत सांगितला, हे कबूल. म्हातारा केमिन, मांडीवर नातू. मुलगी म्हणते चला बाबा, उड्डाण बघायला. हा म्हणतो कसलं उड्डाण? सगळ्या गावाला ठाऊक, यालाच नाही. भर उन्हात सगळे जमलेत. तेवढ्यात मेलेला मित्र समोर येतो, तरणाबांड. मग एलीन, तीही तरुण. सांगतात की ते यंत्र तुला सापडलं होतं ना, ते हेच, आता आकाशात निघालंय ते. आम्ही संपलो त्याला हजार वर्षं झाली. आम्हाला एवढंच हवं होतं, की कुणीतरी आम्हाला ओळखावं, आणि पुढे सांगावं.

"आणि जागा होतो," माई म्हणाल्या.

"यानाच्या जमिनीवर. किती वेळ गेला विचारतो. पंचवीस मिनिटं."

"आणि तिथे नातवंडं."

"हो."

मला वाटलं, आता माई पदर डोळ्यांना लावतील. मी रात्रभर रडले होते. निदान सोबत मिळेल. माई म्हणाल्या, "त्याला विचारलं होतं?"

"काय?"

"तुझ्या डोक्यात एवढा संसार घालतोय म्हणून. विचारलं होतं का त्याला? रस्त्याने चाललेला माणूस. धरला, आडवा केला, बायको दिली, पोरं दिली, बायको मारली, नातू दिला, आणि सगळं काढून घेऊन परत उभा केला. आणि वर म्हणे, आमची आठवण ठेव. अगो, माझ्या अंगणात येऊन कुणी असं केलं तर मी पोलिसात जाईन."

मी भक्त असल्यामुळे बचावाला उभी राहिले. म्हटलं, ते काही आक्रमण करत नव्हते. मरणारी माणसं होती. आपला राजा, आपल्या लढाया, आपले देव, यातलं काहीही न पाठवता त्यांनी एक गाव पाठवलं. गावातला एक लोखंडवाला. त्याच्या घरातली बासरी. असा नम्र अर्ज अख्ख्या विश्वात कुणी केला नसेल.

"अर्ज नव्हे तो. अर्ज असता तर नाही म्हणता आलं असतं."

आणि माई एकदा सुटल्या की सुटल्या. "आणि मला सांग, ती एलीन कोण?"

"केमिनची बायको."

"मग केमिन कुठाय? खरा? कुणीतरी असेल ना त्या घरात आधी? त्याला उठवून ह्याला बसवला. आणि ती बाई पाच वर्षं भलत्याच माणसाची समजूत घालत बसली."

"माई, ती बाई म्हणजे आठवण आहे. साठवून ठेवलेली."

"आठवण पाच वर्षं वाट बघत्ये? आठवण थकत्ये?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. मालिकेकडेही नाही. एलीन खरोखर कधी होऊन गेली की गावातल्या लोकांनी मिळून रचलेली एक गृहिणी होती, हे त्या भागात कुठेही सांगितलेलं नाही. आणि न सांगणंच मला पटतं, पण ते माईंना कसं पटावं? त्यांच्या मते ज्या बाईने त्याला बूट जागेवर ठेवायला सांगितलं, ती खोटी असूच शकत नाही.

तेवढ्यात पडवीतून पेपर खाली आला. "लवण राजा," नाना म्हणाले.

"काय?"

"योगवासिष्ठातला. अगं, हीच गोष्ट आहे. लवण राजाच्या दरबारात एक जादूगार येतो. मोरपिसांचा कुंचा फिरवतो, एक घोडा दिसतो. राजा सिंहासनावर बसल्याजागी ताठ होतो. सरदार घाबरतात. थोड्या वेळाने भानावर येतो आणि सांगतो की मी त्या घोड्यावरून रानात गेलो, भुकेने तडफडलो, एका चांडाळकन्येने जेवू घातलं पण लग्नाच्या अटीवर. लग्न केलं. मुलं झाली. वर्षानुवर्षं राहिलो. मग दुष्काळ पडला. पोरगं भुकेने मांस मागायला लागलं तेव्हा मी माझंच देईन म्हणून चितेवर चढलो. आणि इथे जागा झालो."

"दुष्काळही आहे?" मी गडग्याला टेकले.

"आहे ना. आणि पुढचं ऐक, ते लोक विसरतात. सगळे म्हणतात माया, माया. पण राजा दुसऱ्या दिवशी लवाजमा घेऊन विंध्याच्या रानात जातो आणि ती वस्ती त्याला सापडते! तीच झाडं, तीच घरं, आणि एक म्हातारी रडत बसलेली, माझी लेक गेली, माझा राजासारखा जावई गेला म्हणून."

"सासू?"

"सासू."

"म्हणजे त्याला सासू भेटली आणि ह्याला बासरी," माई म्हणाल्या.

बासरीचा शेवट मी सांगितला नव्हता, पण माईंनी मागे कधीतरी माझ्याकडूनच ऐकलं असणार. शेवटच्या शेवटी यानावरचे लोक ते यंत्र उघडून बघतात तर आत एक पेटी, पेटीत तीच बासरी. रायकर ती कॅप्टनच्या हातात देतो. हा आधी नुसती छातीशी धरतो. मग वाजवतो, आणि सुरुवातीसारखी भीषण नाही, नीट, घरच्या तालमीची. पंचवीस मिनिटांत कुणी बासरी शिकत नाही. तेवढा एकच पुरावा आहे, आणि तो पुरेसा आहे.

माझा मुद्दा नानांनी सोपा केला खरा. नारदाची नारदी झाली, साठ मुलं झाली आणि पाण्यातून डोकं वर काढलं तर काहीच नव्हतं, ही गोष्ट आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकतो. तिथे जागं होणं म्हणजे संसार खोटा ठरणं. लवण राजा आणि पिकार्ड यांचं जागं होणं उलट्या बाजूचं आहे. जागं झाल्यावर संसार खरा ठरतो, आणि मग त्याचं करायचं काय हे कुणी सांगत नाही. वसिष्ठांकडे निदान पुढे तत्त्वज्ञान तरी आहे. पिकार्डकडे दुसऱ्या दिवशीची ड्यूटी.

"आपणसुद्धा पाठवलंय हो असं," मी म्हटलं. "व्हॉयेजर. सत्त्याहत्तर साली अमेरिकेने दोन यानं सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या. पंचावन्न भाषांतले नमस्कार, मराठीतला सुद्धा. चित्रं, आवाज, पावसाचा, पक्ष्यांचा, माणसांच्या हसण्याचा. युद्धाचं चित्र मुद्दाम एकही नाही घातलं. आणि गाणी."

"केसरबाई," नाना म्हणाले. आता ते उठून गडग्यापाशी आले होते. पायात काही नव्हतं. माईंनी पायांकडे पाहिलं आणि सोडून दिलं. "भैरवी. 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. केरीच्या केसरबाई, गोव्याच्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतल्या."

"हो. भारतातलं तेवढं एकच."

"त्या बाईंनी आयुष्यभर यंत्राला फारसं जवळ केलं नाही. रेकॉर्ड किती थोड्या! आणि गेलं कोण सूर्यमालेच्या बाहेर? त्याच. दुसरं यान सुटलं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्याच साली."

मी नानांना ते दुसरं यान म्हणजे व्हॉयेजर १ असं सांगितलं, कारण व्हॉयेजर २ आधी सुटलं, २० ऑगस्टला. त्यांना ते पटलं नाही. एक दोनच्या नंतर कसा? म्हटलं, त्याचा रस्ता जवळचा होता, ते पुढे निघून जाणार हे ठाऊक होतं म्हणून. गेलंही. २०१२ मध्ये ते ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत पोचलं, माणसाने केलेली पहिली वस्तू. केसरबाई अजून चालल्या आहेत.

"ती तबकडी ऐकायची कशी, हे कळणार कसं त्यांना?" माईंनी विचारलं.

"वरती खुणा कोरल्यात. सुई पण दिलीय बरोबर."

"म्हणजे सापडली तर उचलायची, वाटलं तर वाजवायची, नसेल वाटलं तर ठेवून द्यायची."

"हो."

"हे बरं. आमच्या केसरबाई कुणाच्या डोक्यात घुसत नाहीत."

झालं. कटानच्या अख्ख्या संस्कृतीवर माईंनी नासाला वरचढ ठरवलं, आणि तेही शिष्टाचाराच्या मुद्द्यावर. तीस वर्षं हा भाग बघणाऱ्या मला हे कधी सुचलं नव्हतं. मी तरी म्हणून पाहिलं, की सुई लावून ऐकणाऱ्याला गाणं कळेल, पण केसरबाई सकाळी उठून काय करायच्या, कुणावर चिडायच्या, ते कळेल का? पिकार्डला ते कळलं. एलीनची चिडचिडसुद्धा त्याच्याबरोबर आली. नाना म्हणाले, केसरबाईंची चिडचिड विश्वात न जाईल तर बरं. यावर आम्ही तिघेही हसलो, कारण त्यांच्या करड्या स्वभावाच्या गोष्टी गाण्यातल्या माणसांत अजून सांगितल्या जातात.

मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. "नाव कुठून आलंय ठाऊक आहे? 'द इनर लाइट' हे बीटल्सचं गाणं आहे. जॉर्ज हॅरिसनचं. पटकथा लिहिणाऱ्या मॉर्गन गेंडेलनेच सांगितलंय. आणि त्या गाण्याचा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित कुठे झाला? मुंबईत. जानेवारी १९६८. हॅरिसन 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमाचं संगीत करायला आला होता, एचएमव्हीच्या स्टुडिओत. आपलेच वादक. आणि बासरी कुणाची? हरिप्रसाद चौरसियांची."

"काय सांगतेस!" हे नाना.

"शब्द चिनी ताओ ग्रंथावरून घेतलेले. केंब्रिजला संस्कृतचे एक पंडित होते, हुआन मास्कारो, गीतेचा इंग्रजी अनुवाद केलेले; त्यांनी हॅरिसनला सुचवलं की याला चाल लाव. आशय काय, तर दाराबाहेर पाऊल न टाकता जग कळतं."

"आणि तो टकला तर जमिनीवरून उठलाच नाही," माई म्हणाल्या.

"तेच ना!"

बासरी तिथून इथे आली असं मी म्हणत नाही. भागातली धून जे चॅटवे यांनी रचली आहे, तिचा चौरसियांशी संबंध नाही. पण मुंबईच्या एका खोलीत बासरी वाजली, तिच्या गाण्याचं नाव चोवीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका भागाला मिळालं, आणि त्या भागातही बासरीच निघाली, हा योगायोग मी आयुष्यभर मिरवणार आहे.

आणि मग, न राहवून, भक्ताची तक्रार. कारण भक्तालाच तक्रारीचा हक्क असतो. एवढं सगळं झालं. माणूस एका आयुष्यातून जाऊन आला. पुढच्या भागात काय? सॅन फ्रान्सिस्कोखालच्या गुहेत डेटाचं पाचशे वर्षं जुनं मुंडकं सापडतं आणि पिकार्ड ताजातवाना होऊन मोहिमेवर! एलीनचं नाव नाही, नातवाचं नाव नाही. जणू आठवडाभर सुट्टीला गेला होता. त्या मालिकेची रीतच ती होती: प्रत्येक भाग स्वतंत्र, आठवड्याअखेर सगळं जागच्या जागी. लेखकांपैकी रॉन मूर यांनी नंतर मोकळेपणाने म्हटलंय, की हा खरं तर पिकार्डच्या आयुष्यातला सर्वांत खोल अनुभव ठरायला हवा होता, पण लिहिताना आम्हाला फक्त एक चांगला तास हवा होता, त्याचे परिणाम नंतर लक्षात आले. प्रामाणिकपणा ठीक. माझा राग गेलेला नाही.

"एकदाही नाही आठवत त्याला?"

"येते ना ती बासरी परत, त्र्याण्णवमध्ये. 'लेसन्स' नावाचा भाग. एका अधिकारी बाईबरोबर वाजवतो, तिला सगळं सांगतो."

"म्हणजे पहिल्या बायकोची गोष्ट दुसरीला." माईंनी मान हलवली. "असंच करतात."

"ती दुसरी नव्हे माई, तिची बदली होते."

"बरं झालं."

बासरी पुढे लिलावात गेली. २००६ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये स्टार ट्रेकच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात अपेक्षेच्या कित्येक पटींनी, अठ्ठेचाळीस हजार डॉलरना ती गेली. आणि ती वाजत नाही. नुसती दिखाऊ वस्तू आहे, पडद्यावरचा सूर वेगळीकडून भरलेला. हे ऐकल्यावर नानांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मला इथे लिहून दाखवता येणार नाही. हार्मोनियमचा एक सूर बसला तर आठ दिवस अस्वस्थ होणारा माणूस. "न वाजणारी," ते दोनदा म्हणाले, "अठ्ठेचाळीस हजार," आणि परत पडवीत गेले.

१९९३ साली या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. जुन्या 'स्टार ट्रेक'च्या एका भागाला तो १९६८ साली मिळाला होता, त्यानंतर इतक्या वर्षांनी. माझ्या मते तो बरोबर माणसांना गेला. एकही लढाई नाही, एकही खलनायक नाही. अवकाशयानाच्या मालिकेने पाऊण तासातला बराचसा वेळ एका घरात घालवला, आणि त्या घरातली सर्वांत मोठी घटना म्हणजे बाळासाठी खोली बांधायचं ठरणं. माईंचा परवानगीचा आक्षेप मला खोडता आलेला नाही. मी तो मान्य करते आणि तरीही भाग पहिल्या नंबरवर ठेवते.

तुम्ही 'स्टार ट्रेक'चं काही पाहिलं नसलं तरी अडत नाही. कर्क कोण, क्लिंगॉन कोण, यातलं काही लागत नाही. पाचवा सीझन, पंचविसावा भाग. घरातल्या सगळ्यांबरोबर बघा, कारण नंतर भांडायला माणूस लागतं. आणि पुढचा भाग त्याच रात्री लावू नका.